बासष्ट टक्के

प्रिय ठमाकाकू,

पत्र बघून आधी हसशील, मग घाबरशील. रोज फोनवर बोलणारा बाप कागद-पेन घेऊन बसला म्हणजे म्हाताऱ्याला काहीतरी झालंय, असं वाटेल तुला. तब्येत ठीक आहे. गुडघे कुरकुरतात, पण ते तुझ्या जन्माआधीपासूनच. तुझा अहवाल दोनदा वाचला. नाकावर माशी बसू न देणारी माझी पोर इतकं साधं, स्वच्छ लिहिते, याचा अभिमान वाटला. गुरुवारी तू चराई समितीपुढे सही करशील, मग वरच्या उताराचं कुंपण निघेल आणि कळप वर चढतील. तो अख्खा डोंगर त्या एका सहीवर आहे.

तुझी आई सारखी डोळ्यांसमोर येते. आम्ही दोघांनी त्या उतारावर अठरा वर्षं झुडपं मोजली. बर्फ वितळलं की लगेच, पालवी फुटायच्या आत, कारण नंतर गवत माजून सगळं झाकून टाकतं. मी लाकडी चौकट जमिनीवर ठेवायचो आणि आतली किती जमीन झुडपांनी झाकलीय ते उभ्या उभ्या नजरेने ठरवून टक्के पुकारायचो. ती गुडघे टेकून एकेका झुडपाची साल अंगठ्याच्या नखाने खरवडायची. आत हिरवं निघालं तर जिवंत, तपकिरी निघालं तर मेलेलं. पालवीआधी दोन्ही सारखीच करडी दिसतात, आणि मेलेलं झुडूप दहा दहा वर्षं तसंच उभं राहतं. मेलेली वजा करूनच आकडा वहीत जायचा. तुमची नजर फार उदार आहे हो, असं म्हणत ती माझ्या टक्क्यांना कात्री लावायची. तिचं ते नख कायम काळं. पाहुण्यांकडे गेलो की अंगठा मुठीत लपवून बसायची, आणि तू आगाऊपणे तिची मूठ उघडून सगळ्यांना दाखवायचीस. किती ओरडा खाल्लास त्यापायी!

ती गेल्यावर पहिल्या वसंतात मी एकटाच वर गेलो. ऑफिसने जोडीला माणूस देऊ केला होता, मीच नको म्हणालो. तिच्या जागी कुणी गुडघे टेकून बसलेलं मला बघवलं नसतं. पहिल्या चौकटीशी मी स्वतःच बसलो. एक साल खरवडली, तपकिरी निघाली. दुसरी खरवडली, तीही तपकिरी. तिसऱ्या झुडपाला हात लावायचा धीर झाला नाही. त्या वर्षी मला आणखी काही मेलेलं बघायचं नव्हतं, दुसरं कारण नाही. उठून उभा राहिलो, सवयीने मोठ्याने पुकारलं, बासष्ट. वजा करायला कुणी नव्हतं. मीच लिहून घेतलं.

पुढच्या वर्षी एकसष्ट, मग पुन्हा बासष्ट, अशी सहा वर्षं. दर शरदात त्याच उतारावरची नवी वाढ छाटून, वाळवून मी तुझ्याकडे वजनाला पाठवत होतो. पिशव्या हलक्या होत चालल्या होत्या, ते माझ्या हातांना कळत होतं. तू विचारलंसही, की बाबा, झुडपं तेवढीच आहेत तर वाढ निम्मी कशी? मी म्हणालो, पाऊस कमी पडतोय. तू विश्वास ठेवलास. अहवालात तेच लिहिलंस: झुडपं शाबूत आहेत, पाऊस सुधारला की वाढ भरून येईल, उतार चराई सोसेल. माझ्या काणाडोळ्याचं तू शास्त्र केलंस, आणि मी ते होऊ दिलं.

शुक्रवारी तू फोनवर शेवटचं विचारलंस, आकडे पक्के ना? मी हो म्हणालो. फोन ठेवल्यावर जेवण गेलं नाही. शनिवारी-रविवारी वर जाऊन चाळीसही चौकटींतली सगळी झुडपं खरवडली. जिवंत एकोणीस टक्के. कळप चढले तर मातीसुद्धा राहणार नाही. सहा वर्षांपूर्वी कळलं असतं तर रोपं लावता आली असती, आता बी धरायलाही पुरेशी झुडपं उरलेली नाहीत. सही करू नकोस, एवढंच सांगायला हे पत्र. तुझी आजवरची मेहनत मातीत घालतोय, आणि माफी मागायलाही तोंड नाही. मला वाचवायचा मोह तुला होऊ नये, म्हणून समितीच्या अध्यक्षांना चार ओळी मीच लिहून दिल्यात. माझे सहा वर्षांचे आकडे खोडून टाक. आई होती तोवरचे सगळे खरे आहेत.

अजूनही म्हणू देशील तर, तुझाच,
बाबा