छत्रातले रसवांगे

ती. आईस नागूचा कुंभकोणमहून नमस्कार. आम्ही खुशाल आहोत. सेलमला तुझा गुडघा कसा आहे?

काल हे मला तंजावरच्या मराठ्यांनी बांधलेल्या जुन्या छत्रात, म्हणजे धर्मशाळेत, जेवायला घेऊन गेले. पूर्वी तिथे यात्रेकरू उतरत, आता हॉटेल आहे. फळ्यावर 'रसवांगे', आपली वांग्याची आंबट आमटी, दिसले, म्हणून तेच मागवले. पहिल्याच घासाला तुझा हात ओळखला.

कुणी शिकवले, असे मी स्वयंपाकीणबाईंना विचारले. त्या, अलमेलू, म्हणाल्या, "सेलमच्या सुब्बलक्ष्मीमामींनी. जवळ बसवून शिकवले."

म्हणजे तूच. मला मात्र अभ्यासाला जा म्हणून चुलीजवळून उठवायचीस.

"मामींना ओळखता का?" त्यांनी विचारले.

मी नाही म्हटले. आई, तुला वाटून घेणे मला जमले नाही.

तुझीच,
नागलक्ष्मी