दहा ते सहाचा ग्राहक

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सुटलो! गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं आणि मान हलकी झाली. इतकी वर्षं एकच काम – खोटी खाती पकडायची. कोण खरा ग्राहक, कोण भामटा, हे नुसत्या वागण्यावरून ओळखायचं. संशय घेण्याचा पगार! आता स्वतःचं सॉफ्टवेअर, डोक्यावर कुणी नाही.

साहेब मात्र फारच गोड वागले. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मार्चअखेरपर्यंत खुर्ची रिकामी ठेवतो हं. वाटलं तर ये परत." एवढी माया? ह्याच माणसाने माझ्या लग्नाच्या रजेवरही घासाघीस केली होती. कुठेतरी पाणी मुरतंय.

लिफ्टपाशी मेहुणा भेटला. हिचा धाकटा भाऊ – मीच चिकटवलंय त्याला तिथे. "भावोजी, नक्की काय बनवताय? आम्हालाही कळू द्या की!" आम्हाला म्हणजे कुणाला?

१० फेब्रुवारी, सोमवार

कंपनीचा पहिला दिवस. मागच्या खोलीत माझं टेबल, टेबलाला खेटून इस्त्रीची फळी. ही आपल्या शर्टावर इस्त्री फिरवत म्हणाली, "अरे, पायजम्यात कसली कंपनी चालवतोस? दाढी तरी कर." केली. मग ही ऑफिसला गेली. घर इतकं शांत झालं की फ्रिज घुरघुरला तरी दचकत होतो.

आमचं ठरलंय. घर हिच्या पगारावर. आणि मार्चअखेरपर्यंत सॉफ्टवेअर रोज वापरणारा एक तरी परका माणूस मला मिळाला पाहिजे. नातलग नको, मित्र नको – परका! नाही मिळाला तर मुकाट्याने साहेबांच्या खुर्चीत. अट माझीच. ही नकोच म्हणत होती.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

आज सॉफ्टवेअर लोकांसाठी खुलं केलं. घरच्या घरी क्लास घेणाऱ्यांसाठी आहे – कोण आलं, कुणी दांडी मारली, कुणाचा कुठला धडा राहिला. खालच्या मजल्यावरच्या पोहणं शिकवणाऱ्या बाईंनी भिडेखातर नाव नोंदवलं, एकदा उघडलं, आणि मिटलं.

आई फोनवर – "बसल्या फांदीवर कुऱ्हाड घातलीस रे." मग लगेच, "जेवतोस ना वेळेवर?"

४ मार्च, मंगळवार

कुणी नाही.

७ मार्च, शुक्रवार

कुणीच नाही. दिवसभर नुसता पडद्याकडे बघत बसलो. साहेबांचा निरोप आला, "खुर्ची वाट बघतेय" – पुढे हसरा चेहरा. हिला दाखवला. एरवी साहेबांचं नाव काढलं की ही त्यांचा उद्धार करते. आज निरोप दोनदा वाचून फोन परत दिला! मी म्हटलं, सोमवारी होकार कळवून टाकतो, मार्चअखेरपर्यंत कशाला ताणायचं. तर म्हणाली, "सोमवार संपेपर्यंत तरी थांब. माझ्यासाठी."

माझा जुना लॅपटॉप मागून घेतला तिने. ऑफिसचा बिघडलाय म्हणे. घे बाई, तुझाच आहे.

१० मार्च, सोमवार

आला! पहिला परका माणूस! 'रेघोट्या चित्रकला वर्ग.' सकाळीच खातं उघडलं, मुलांची नावं भरली, दिवसभर वापरलं! ही घरी आली तेव्हा मी दारातच उभा. सांगितलं, तर दोन्ही हातांनी तोंड झाकून हसत सुटली. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. माझ्याही.

साहेबांना कळवलं नाही. कशाला कळवू!

१४ मार्च, शुक्रवार

रेघोट्यावाले रोज येतात. पण तक्रारी काय एकेक! "हजेरीचं बटण इतकं कोपऱ्यात? त्याला शिक्षा केली आहे का?" आणि आज – "आत आलेल्या माणसाला मागे जायचा रस्ताच नाही. पाहुण्यांना कोंडून ठेवायची पद्धत आहे का आपल्याकडे?" अस्सा संताप आला! पण म्हणणं खरं होतं. दोन्ही दुरुस्त केलं. आता बघताना माझं मलाच बरं वाटतं.

१८ मार्च, मंगळवार

आज शांतपणे नोंदी तपासल्या. सवय जात नाही. मग पुन्हा तपासल्या.

शनिवार-रविवारी हे खातं बंद! अहो, घरगुती चित्रकलेचे क्लास भरतातच शनिवार-रविवारी! हा प्राणी सकाळी दहाला उगवतो, दुपारी जेवायच्या सुट्टीला गायब, संध्याकाळी सहाला गाशा गुंडाळतो. हा क्लास नाही, हा नोकरदार आहे. कुणीतरी पगार देऊन बसवलाय! आणि त्याची मुलं – आजवर एकही आजारी पडलं नाही, एकही मामाकडे गेलं नाही. कुठून येतो तेही शोधलं. सार्वजनिक ग्रंथालयाचं वायफाय. बरोबर आहे, ऑफिसमधून यायला तो काय दूधखुळा आहे?

साहेबच! खुर्ची रिकामी ठेवतो म्हणे. माझं काम आतून बाहेरून उसवून बघतायत, उद्या स्वतःच्या नावावर विकतील.

जेवताना हिला सगळं सांगितलं. "एक पोर आजारी पडत नाही! चित्रकलेचा क्लास आहे का सैन्य?" हिला ठसका लागला. पाणी पिऊन म्हणाली, "असतात रे काही मुलं धडधाकट."

१९ मार्च, बुधवार

तीन मुलं आजारी! दोघांना ताप, एकाला गालगुंड! शेजारी तसं लिहिलंय – 'गालगुंड'!!

काल रात्री माझ्या तोंडून निघालेलं आज सकाळी तिकडे पोचलं. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली. फोन कपाटात, स्वेटरांच्या खाली. मग खुर्चीत बसलो आणि लक्षात आलं – ऐकायला यंत्र कशाला हवं? घरात दोनच माणसं आहेत. बोललो मी. ऐकलं हिने. आणि हिचा भाऊ साहेबांच्या हाताखाली!

छे. असला विचार मनात येतोच कसा.

२१ मार्च, शुक्रवार

येतोच आहे. ही हल्ली ऑफिसबद्दल चकार शब्द काढत नाही. पूर्वी दारात चपला काढता काढता सुरू व्हायची. आज न्हाणीघरात नळ सोडून फोनवर बोलत होती. दाराला कान लावला. (लाज वाटली. तरी लावला.) "नाही रे, त्याला काही कळलेलं नाही अजून. तू मध्ये बोलू नकोस हं. तुला माझी शप्पथ." पलीकडे मेहुणा – दुसऱ्या कुणाशी ही असं बोलत नाही.

घरचा भेदी! आणि मी ह्याच बाईला दारात उभं राहून आनंदाची बातमी सांगितली होती.

२५ मार्च, मंगळवार

सापळा लावला. नाश्त्याला मुद्दाम सांगितलं – आज ग्रंथालयात जाऊन बसतो, रेघोट्यावाल्याला रंगेहाथ पकडतो. ही म्हणाली, "जा की." कपात साखर घालत होती. मग परत घातली.

गेलो. खांबाआड वर्तमानपत्र धरून बसलो. म्हातारे लोक, एक पेंगणारी मुलगी, बस्स. ग्रंथपाल बाई येऊन विचारतात, "काही शोधताय का?" म्हटलं, माणूस शोधतोय. "तो विभाग आमच्याकडे नाही," म्हणाल्या.

खातं दिवसभर बंद. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच कामाच्या दिवशी बंद! आणि मी येणार हे फक्त हिला माहीत होतं. आता शंकेला जागा नाही.

राग येईल असं वाटलं होतं. राग नाही आला. वाईट वाटलं, फार वाईट. येताना बसचा थांबा चुकला आणि पुढच्या थांब्यावरून मागे चालत आलो.

२६ मार्च, बुधवार

खातं पुन्हा सुरू. निर्लज्ज! आमच्या दोघांत बोलणं फक्त "दूध आण" आणि "आणलं".

२८ मार्च, शुक्रवार, दुपार

संपवलं. रेघोट्या चित्रकला वर्ग बंद केला आणि निरोप पाठवला – "आपलं सोंग उघडं पडलं आहे. साहेबांना माझा नमस्कार सांगा. माझ्या घरातून ज्यांनी बातम्या पुरवल्या, त्यांनाही सांगा."

आता संध्याकाळी ही आली की एकच विचारायचं आहे. भांडायचं नाही, आवाज चढवायचा नाही. फक्त – का?

२८ मार्च, संध्याकाळ

रेघोट्यांकडून उत्तर आलं. जसंच्या तसं उतरवतोय.

"साहेब वगैरे कुणी नाही रे. मीच आहे. माझी नोकरी गेली, मार्चच्या पहिल्याच आठवड्यात. तुला सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी त्या खुर्चीत जाऊन बसला असतास. धाकट्याला माहीत आहे, त्याला ओरडू नकोस. मुलांना उगाच ताप आणला, ते चुकलंच. ग्रंथालय बंद करतायत. घरी येऊ का?"

म्हणजे परका माणूस एकही नाही. साहेबांना कळवलं, सोमवारी येतो.

मग ते खातं पुन्हा उघडलं. तिन्ही आजारी मुलांची आजची हजेरी लावली, गालगुंडवाल्यासकट. हिला आणायला निघतोय.