बटण सोडल्यावर

५ जाने., सोम.
भिवंडीजवळच्या राहनाळच्या गोडाऊनवाल्यांना वॉकी-टॉकी जुळवून देणारा मी, आज लष्कराला सहा सेट दिले. नमुन्याचे. माईक गळ्याला पट्ट्याने बांधायचा. ही युक्ती इथल्या कापडाच्या लूमच्या खडखडाटाने शिकवली, तिथे तोंडापुढचा माईक कामाचाच नाही. पास झाले तर साठ सेट थेट सीमेवर.

९ जाने., शुक्र.
लष्कराचे सुभेदार सहाही सेट घेऊन परत आले. आवाजाबद्दल तक्रार नाही. मग त्यांनी बोलून बटण सोडलं. टुंई.
आपल्या गोडाऊनच्या हमालांना ही शिटी लागतेच. टुंई झाल्याशिवाय समोरच्याचं बोलणं संपलं असं कोणी धरत नाही. लष्कराच्या सेटमधून ती काढायची हे डोक्यातच आलं नाही.
सुभेदार हळू आवाजात, "सेठ, रात को इस आवाज़ पे गोली आती है."
चहा तसाच राहिला. त्यांचा, माझाही.

१३ जाने., मंगळ.
शब्बीरभाईने टुंई काढली. मी लूमवर असल्यापासूनचा सोबती, आता माझा मेकॅनिक. म्हणतो, "अब कब्रस्तान जैसा चुप." शब्द आवडला नाही.

१६ जाने., शुक्र.
लूमना सुट्टी. भिवंडीत कान लावून ऐकायचं तर हाच वार. सेट घेतला, बटण सोडलं. टिक. अगदी बारीक.
शब्बीरभाईला ऐकू येईना. "सेठ, आपके कान हैं या पुलिस का कुत्ता?"
रोज खडखडाटातच तपासत होतो. खडखडाटात कुठलाही सेट मुकाच.

२२ जाने., गुरु.
बटणाखाली रबर घातलं, स्विच बदलला. आवाज मोजायच्या यंत्राचा काटा हलत नाही. शब्बीरभाई खूश. मी शुक्रवारची वाट बघतोय.

२३ जाने., शुक्र.
टिक. आहेच.
बॅटरी काढली. तरी टिक. सेट शेजारच्या खोलीत ठेवून आलो. तरी…
बारा वर्षं लूमवर उभा होतो. तिथल्या म्हाताऱ्यांच्या कानात असंच काहीबाही वाजत राहतं. तिखट कानांवर धंदा उभा केला, आज त्यांचीच साक्ष चालेना.
सुभेदार उद्या येणार. ‘सेट पूर्ण नि:शब्द’ या ओळीखाली माझी सही हवी. सही केली की साठ पोरांच्या गळ्यात.
बायकोला, लताला, समोर बसवलं. ही लूममध्ये कधी गेली नाही. डोळे मिटून सेट कानाला लावला. मी बटण दाबलं, सोडलं. दहादा.
"हाय का न्हाय, कसं सांगू? तुमच्या श्वासाचाच आवाज येतो."
"पुन्हा ऐक," म्हटलं, आणि श्वास धरला.