सोबत कोण आहे?

आबा,

माझ्या घशातल्या गाठी शेवटी काढल्या. ज्या गाठींसाठी तुम्ही मला लहानपणी केजच्या डॉक्टरकडे नेलं होतं, त्याच. एवढी वर्षं त्या माझ्याबरोबर राहिल्या, नवऱ्यापेक्षा जास्त काळ. माझं लग्न झालं आणि ते घर मी सोडलं, दोन्ही तुम्ही गेल्यानंतर, त्यामुळे तेही तुम्हाला माहीत नाही. तुम्हाला सांगायचं असं बरंच साठलं आहे, पण आज फक्त घशाचं सांगते. गेलं वर्षभर माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतंच.

तो दिवस तुम्हाला आठवत असेल का? मला ताप होता, पाणीसुद्धा गिळत नव्हतं. तुम्ही मेंढरं चुलत्याच्या हवाली केली आणि मला जीपमध्ये मांडीवर घेऊन बसलात. तुमच्या धोतराला मेंढरांचा वास येत होता आणि शेजारची बाई नाकाला पदर लावून बसली होती. डॉक्टरांनी जिभेवर चमचा दाबून आत बॅटरी मारली आणि म्हणाले, "टॉन्सिल आहेत. वाढलेत. काढून टाकलेले बरे."  तुम्ही विचारलंत, "आवाज ऱ्हाईल का तिचा?" डॉक्टर कागदावर लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, "शक्यतो राहतो." त्या 'शक्यतो'वर तुम्ही उठलात. माझं बोट धरलं आणि बाहेर आलात. स्टँडवर मला उसाचा रस पाजलात, बर्फ न घालता, आणि म्हणालात, "न्हाई कापायचं. आवाजावर तर समदं हाय आपलं."

खरंच होतं ते. त्या वेळी कळपाला हाका घालायचं काम माझ्याकडे होतं. भाऊ हाका मारायचा तर मेंढरं नुसती माना वळवायची, मी हाक दिली की निघायची. एकदा मी कंटाळून हळू आवाजात हाक दिली, तर तुम्ही काठी जमिनीवर आपटून ओरडलात, "तोंडातल्या तोंडात बोलू नगंस! मेंढराला ऐकूच आलं न्हाई तर ते कशापायी येईल?" मी रडले. दुसऱ्या दिवशी तुम्ही घोंगडी विणणाऱ्याकडून लोकरीची एक पट्टी करून आणलीत आणि माझ्या गळ्याभोवती गुंडाळलीत. गार वारा लागू नये म्हणून. इतकी टोचायची ती! तुम्ही दिसेनासे झालात की मी काढून ठेवायची.

तुम्ही गोदाकाठी मेंढरांच्या तळावर तापानं गेलात तेव्हा माझं बारावीचं वर्ष होतं. पुढे मी एसटीत कंडक्टर झाले. ढकलाढकलीत, चढावर, घाटात, सगळीकडे मागच्या बाकापर्यंत माझा आवाज जायचा. आता केजच्या स्टँडवर कंट्रोलरच्या खोलीत बसते. गाड्या कुठल्या फलाटावर लागल्या ते माईकवरून सांगायचं. पहिल्या दिवशी माझाच आवाज स्टँडभर घुमलेला ऐकला आणि वाटलं, हे आबांनी ऐकायला हवं होतं.

दोनएक वर्षांपूर्वी घसा पुन्हा धरायला लागला. आधी पावसाळ्यात, मग हिवाळ्यात, मग कधीही. गावातले डॉक्टर गोळ्या द्यायचे, आठवडाभर बरं वाटायचं, की पुन्हा तेच. मग दुखणं थांबलं तरी सूज उतरेना. भाकरी घशात अडकायला लागली. आधी मी ती दुधात कुस्करून खायचे, मग नुसती पेज. चारचौघांत खाताना ठसका लागला की सगळे हात थांबवून बघतात, म्हणून डबा एकटीच खोलीचं दार लोटून खायला लागले. लग्नाकार्याला जाणं बंद केलं. कुणी विचारलं की ड्युटी आहे म्हणायचं. झोपेत श्वास अडकून दचकून उठायची, म्हणून पाठीशी उशा रचून बसल्या बसल्या झोपायची सवय लावून घेतली. भाड्याची खोली आहे माझी. शेजारी चांगले आहेत, पण सकाळी माझं दार उघडलं नाही तर ते किती वाजता कडी वाजवतील, असा विचार मी करायचे. रोज करायचे.

आणि आवाज, आबा. तोंडात गरम घास धरून बोलावं तसा झाला. एक दिवस मी धारूरमार्गे वडवणीला जाणारी गाडी पुकारत होते. खिडकीबाहेर उभा एक माणूस आपल्या जोडीदाराला म्हणाला, "काय बोलायलीय ही बाई? काय कळंना बे." दोघं हसले. त्यांची गाडी तीच होती, आणि ती सुटली. ते धावत मागे गेले. मी माईक हातात धरून बघत राहिले. थोड्या दिवसांनी साहेबांनी मला नीट बसवून सांगितलं, "ताई, बरं होईपर्यंत माईक दुसऱ्याला देऊ. तुम्ही नोंदी बघा." त्यांचं काही चुकलं नव्हतं. मी मान हलवली. तेव्हापासून दिवसचे दिवस मला बोलावंच लागत नसे. दूधवाल्याला बोटानं सांगायचं, घरी आल्यावर तर बोलायला कुणी नव्हतंच.

शेवटी मोठ्या सरकारी दवाखान्यात गेले. घशाच्या डॉक्टर माझ्याहून बऱ्याच लहान, पण हात हलका. त्यांनी बघितलं, पुन्हा बघितलं, आणि म्हणाल्या, "दोन्ही वाढलेत, पण डाव्या बाजूचा जास्त. काढून तपासायला पाठवू."

"तपासायला म्हणजे?"

"बहुतेक काही नसेल. पण या वयात एकच बाजू अशी मोठी दिसली की बघावं लागतं. घाबरू नका. टाळू पण नका."

बहुतेक. मला तुमचा तो 'शक्यतो' आठवला. पण माझं बोट धरून बाहेर नेणारं कुणी नव्हतं, आणि मलाही निघून जायचं नव्हतं.

तारीख मिळाली ती दोन महिन्यांनंतरची. त्या दोन महिन्यांत मी आरशासमोर तोंड वासून उभी राहायचे. डावी बाजू वाढली का? कालच्याहून मोठी दिसते का? मोबाईलची बॅटरी एका हातात, चमचा दुसऱ्या हातात. कुणाला दाखवावं, कुणी सांगावं की नाही गं, तेवढीच आहे, असं फार वाटायचं. भावाला कळवलं नव्हतं. तो मेंढरं घेऊन तलवाड्याच्या बाजूला गेलेला, फोन लागला तर लागला. शिवाय काय सांगायचं? बहुतेक काही नसेल म्हणून?

तारखेला पिशवी भरून एकटीच गेले. उपाशीपोटी. सिस्टरनी केस पेपर बघितला आणि विचारलं, "सोबत कोण आहे?"

"कुणी नाही. मी माझी सही करते."

"सही तुमचीच लागते ताई. पण भूल उतरताना रक्त आलं, काही झालं, तर आम्हाला सांगायला, धावायला माणूस पाहिजे जवळ. घरचं कुणी बोलवा ना."

मी मोबाईल काढला. त्या बघत होत्या म्हणून काढला. नावं वर-खाली केली आणि परत ठेवला. सिस्टर वाईट नव्हत्या. त्यांनी मला बसायला सांगितलं, चहा-बिस्किटं आणून दिली, पुढची तारीख लिहून दिली. बिस्किट चहात बुडवून, मऊ करून, मी तिथं बाकावर बसून खाल्लं आणि पिशवी घेऊन घरी आले. पिशवीतला गाऊन पुन्हा घडी घालून कपाटात ठेवताना मात्र मला रडू आवरलं नाही.

पुढच्या तारखेच्या आधी घसा पुन्हा सुजला, ताप भरला. असा सुजलेला घसा कापत नाहीत, सूज उतरल्यावर काही आठवडे जाऊ द्यावे लागतात, म्हणून तीही गेली. त्या तापात मी भावाला फोन लावला. का लावला ते सांगता येत नाही. लागला एकदाचा.

"हॅलो, कोन?"

"मी बोलतेय."

"मी कोन? कुठून बोलायलाव?"

"अरे मी."

 मागे मेंढरांचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, "ह्यो तुजा आवाज हाय?" आबा, माझ्या सख्ख्या भावानं मला ओळखलं नाही. ज्या आवाजामागं त्याचा कळप निघायचा, तो आवाज.  मग वहिनीनं त्याच्या हातातून फोन घेतला.

"वन्सं, काय झालंय?"

मी सांगितलं. सगळं. डाव्या बाजूचंसुद्धा.  ऐकून ती म्हणाली, "तारीख कवा हाय? मी येते."

लांबून भाऊ म्हणाला, "अगं पन मेंढरं?"

"मेंढरं तुमाला वळता येत न्हाईत का?" ती त्याच्यावर ओरडली, आणि मला म्हणाली, "लई दिस गप बसलाव तुमी. आता फोन चालू ठिवा."

आमचं फारसं कधी जमलं नव्हतं. मी शिकलेली, नोकरीवाली, सणाला येऊन चार दिवसांत परत जाणारी. ती बारा महिने तळावर. मला वाटायचं तिला मी शिष्ट वाटते. पण त्या दिवसापासून तारखेपर्यंत ती रोज संध्याकाळी, मेंढरं बसली की, फोन करायची. एक-दोन मिनिटंच. "खाल्लं का? काय खाल्लं? ताप हाय का?" फोनला रेंज नसेल त्या दिवशी टेकाडावर चढून करायची, हे तिच्या दम लागलेल्या आवाजावरून कळायचं.

तारखेला ती गाठोडं घेऊन स्टँडवर उतरली. दवाखान्यात सिस्टरनी विचारलं, "सोबत कोण?" आणि मी तोंड उघडायच्या आत ती पुढं झाली, "मी हाय की." एवढंच. आबा, मला आत नेताना तिनं माझा पाय हातात धरला होता, दारापर्यंत. पुढचं आठवत नाही.

मोठेपणी या गाठी काढल्या की फार दुखतं, ते खरं आहे. लहानपणी आठवड्यात भरून आलं असतं, असं डॉक्टर म्हणाल्या. मी त्यांना तुमचं सांगितलं, पाटीवर लिहून, कारण बोलायला मनाई होती. वाचून त्या हसल्या. "त्यांना तुमचा आवाज आवडत असणार," म्हणाल्या. मला तुमचा राग आला नाही. खरं सांगायचं तर आधी कधीमधी आला होता, पण त्या खाटेवर नाही आला.

गिळताना कळ थेट कानात जायची. डॉक्टरांनी आईस्क्रीम द्या म्हटल्यावर वहिनी घाबरली. "कापल्याल्या जागी बरफ?" तिनं दोनदा जाऊन विचारून खात्री केली, मग चमच्याच्या टोकावर एवढं एवढं घेऊन भरवायला लागली. मला बोलता येत नव्हतं म्हणून ती बोलायची. कुठली मेंढी गाभण आहे, कुठल्या बांधावर कोण चारू देत नाही, भावाचे गुडघे कसे दुखतात आणि तो कबूल कसा करत नाही. माझ्या खाटेखाली घोंगडं टाकून झोपायची. मी किती वर्षांनी कुणाच्या तरी श्वासाचा आवाज ऐकत झोपले.

घरी सोडल्यावर ती आठवडाभर माझ्याकडे राहिली आणि गेली. जावंच लागणार होतं, भाऊ एकटा पडला होता. तपासणीचा निकाल यायचा बाकी होता. तो आणायला मी एकटी गेले. या वेळी सोबत कोण असं कुणी विचारलं नाही. डॉक्टरांनी कागद वाचला आणि म्हणाल्या, "काही नाही. साधीच सूज होती. जा, भाकरी खा." मी दवाखान्याच्या बाहेर येऊन उभी राहिले. रस्ता ओलांडायचं सुचेना. मग वहिनीला फोन केला. ती रडली, मी नाही.

माईक परत मिळाला. आवाज राहिला, आबा. थोडा बारीक झालाय, माझा मलाच नवा वाटतो, पण शब्द न् शब्द कळतो. पहिल्या दिवशी अंबाजोगाईची गाडी पुकारली तर कुणी मान वर करून बघितलंही नाही. लोकांनी पिशव्या उचलल्या आणि बरोबर फलाटावर जाऊन उभे राहिले. एवढं मला दिवसभर पुरलं. आता भाकरी अख्खी खाते, चावून. आडवी होऊन झोपते. जागी झाले तर खोली पहिल्यासारखीच रिकामी असते, तेवढंच.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. टाकायला पत्ता नाही आणि तुमच्यासाठी वाचून दाखवणारंही कुणी नाही. लिहून झालं की डाळीच्या डब्याखाली ठेवीन आणि कधीतरी आवरताना फेकून देईन.

एकच शेवटचं. आता मी बरी आहे म्हटल्यावर वहिनीचे फोन कमी झालेत. होणारच, तिला का कामं नाहीत? चार दिवसांनी काल आला. नेहमीसारखं तिनं विचारलं, "वन्सं, घसा दुखतो का अजून?" दुपारीच मी ठेच्याबरोबर कडक भाकरी खाल्ली होती. काही दुखलं नव्हतं.

"हो," मी म्हटलं. "थोडा थोडा दुखतो."