तिसऱ्या ओळीतला थांबा

धुळे, रविवार, संध्याकाळ

आज माहेरच्या चर्चमध्ये बाबांच्या चालीचं गीत घेतलं. नवा कीबोर्ड, वाजवायला मी. बाबा पायपेटीवर वाजवायचे. उजवा पाय अधू. तिसऱ्या ओळीत तो भात्यावरून घसरायचा, हवा संपायची, सूर क्षणभर विरायचा. पण चालीत तिथे थांबा नाहीच. त्यांनीच तर मला शिकवली!

ते गेले, मी जळगावला सासरी, पेटी बंद पडली. लोक नुसतेच गात राहिले.

कीबोर्डला कुठला भाता? मी सरळ पुढे गेले, आणि तिसऱ्या ओळीत अख्खं चर्च गप्प. बाबांना कधी न पाहिलेली पोरंसुद्धा थांबलेली. राग आला मला. चाल बिघडवून ठेवली सगळ्यांनी.

बाहेर आल्यावर, बाबांना भाऊ म्हणणाऱ्या शेजारच्या अक्कांना विचारलंच, का थांबलात? त्या सहज म्हणाल्या, "भाऊले पाय तं उचलू दे, पोरी."

मघाशी भाकरी थापताना गुणगुणत होते. तिसरी ओळ आली आणि कान त्या पायाकडे लागले. तव्यावरची भाकरी करपली.

सगळे त्यांच्यासाठी थांबतात. आज मी तेवढी त्यांना मागे टाकून आले.