सोनपेठच्या घरातले देव

३ फेब्रुवारी

पाचही मालमत्तांचा ताबा मिळाला. म्हणजे बँकेच्या साहेबांनी चाव्यांचा जुडगा हातावर ठेवला, चहा पाजला आणि परत एकदा वाचून दाखवलं: जसं आहे तसं, जिथं आहे तिथं. पुढं काही निघालं तर तुमचं नशीब.

जप्तीतली घरं एकेक विकायचा बँकेला कंटाळा आलेला, म्हणून एकच गठ्ठा. घ्यायची तर सगळी. परभणीतले दोन फ्लॅट, स्टेशनकडचा गाळा, पाथरीचा प्लॉट, सोनपेठचं घर. ढिगानं सीताफळं घेताना खालची बघता येत नाहीत. वरची चांगली दिसली.

साडू भगवानराव सोबत होते. एसटीत कंडक्टर म्हणून आयुष्य काढलं, रिटायर होताना जे मिळालं ते सगळं यात. मी बोट ठेवलं तिथं सह्या करत गेले, एक ओळ वाचली नाही. तेव्हापासून माझ्या जिवाला चैन नाही.

७ फेब्रु.

दुकानातून कुलपांचा सेट नेला. एकाच चावीनं सगळी उघडतात. हार्डवेअरचं दुकान असल्याचा तेवढाच फायदा.

सोनपेठचं घर शेवटी. वर्षापासून समोरच्या दाराला बँकेचं सील. आत धूळ, जुनं कॅलेंडर, भिंतीवर टीव्हीचे खिळे. आणि देवघरात तांब्याचं पातेलं. पातेल्यात देव. खंडोबा आणि भवानीचे टाक कडेला उभे टेकवलेले, मध्ये बाळकृष्ण. पाणी स्वच्छ, काठाला लागलेलं.

देव पाण्यात कशासाठी घालतात हे मला कुणी सांगायला नको. घर जाऊ नये म्हणून घातले असणार. घर तर गेलं. माझ्याकडे आलं.

मागच्या दाराला नुसती बाहेरून कडी. कुणीतरी येतंय आणि पाणी भरतंय. तिथं कुलूप लावायचं राहिलं. राहिलं कसलं, लावलं नाही.

८ फेब्रु.

मंगलला सांगितलं. हातातलं लाटणं खाली ठेवून म्हणाली, "तुमी हात तर न्हाई ना लावला?" नाही म्हटलं. मग बायको उठून आमच्या देवांपुढं हात जोडून आली.

१९ फेब्रु.

सोनपेठच्या घराला पहिलं गिऱ्हाईक. मास्तर, बायको, आई. मास्तरांना घर पसंत, बायकोला ओटा पसंत. म्हातारी देवघरापर्यंत गेली, पातेल्यात डोकावली, आणि चपला घालून सरळ जीपमध्ये जाऊन बसली. मास्तर आत-बाहेर करून आले. "आई म्हणायलीय, हे घर कुणीतरी धरून ठेवलंय."

मी म्हटलं, घर बँकेनं धरलं होतं, आता सोडलंय. हसले नाहीत.

२६ फेब्रु., सोनपेठचा बाजार

मुद्दाम बाजारच्या दिवशी गेलो. पाणी भरणारं माणूस बाजारलाच येत असणार, ही शंका खरी निघाली. मागचं दार उघडं, आत एक म्हातारी लोट्यानं पाणी घालत होती. शेजारी बाजाराची पिशवी, त्यात मेथीची जुडी. मला बघून दचकली वगैरे नाही. पदर सावरला.

"बसा. बसाया काई न्हाई पण."

गयाबाई. घर तिच्या नवऱ्यानं बांधलेलं. मुलानं टेम्पोसाठी गहाण टाकलं, टेम्पो चालला नाही, मुलगा पुण्याला निघून गेला. ती आता पाथरीला लेकीकडे. दर बाजारला एसटीनं येते, पाणी भरते, भाजी घेऊन परत जाते.

मी म्हटलं, "मावशी, देव घेऊन जा. घर आता आमी घेतलंय."

"घेतलं की. आमी कुठं न्हाई म्हणलं? घर बँकेनं इकलं. देव कुनी इकले?"

"म्हणून तर म्हणतोय, न्या."

"मागनं पुरं झाल्याबगर पान्यातून काढतेत का कुठं? तुमीच सांगा."

तिनं चिमूटभर साखर हातावर ठेवली. खाल्ली. परतीच्या वाटेवर लय राग आला. तिचा नाही. आता कळतंय, ती मागतेय खंडोबाकडं, पण द्यायचं माझ्या हातात आहे. देव आपला बसलाय पाण्यात निवांत.

६ मार्च

गठ्ठ्याची खालची सीताफळं उघडी पडायला लागली. दोन्ही फ्लॅटमधले भाडेकरू कोर्टात गेले. पाथरीच्या प्लॉटला रस्ताच नाही, शेजारच्या शेतातून उडून जावं लागेल. गाळ्याचं भिंतीवरून भांडण. लगेच विकण्यासारखं एकच उरलं, सोनपेठचं घर.

भ.राव रोज दुकान उघडायच्या आधी येऊन पायरीवर बसलेले असतात. चहा घेतात. पैशाचं नाव काढत नाहीत. आज उठताना एवढंच, "तुमी म्हणलात म्हणून टाकले." एखादी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

११ मार्च

सकाळी आंघोळ करून देवघरात गेलो तर आमचा गणपती आणि अन्नपूर्णा स्टीलच्या डब्यात, पाण्यात.

"हे काय?"

"ते घर इकलं जावं म्हणून. त्या बाईनं घातलेत, मग आपण का घालू न्हाई?"

म्हणजे तिकडचे देव घर जाऊ नये म्हणून पाण्यात, इकडचे घर जावं म्हणून. मला हसू आलं, मंगल चिडली. "ताईनं फोनवर रडून घेतलंय काल. तुमाला काय, दुकानात बसता." ताई म्हणजे भ.रावांची बायको. मग माझं हसणं गेलं.

२३ मार्च

गिऱ्हाईक आलं. गंगाखेडचा खताचा दुकानदार. पुढच्या खोलीत दुकान, मागं राहणार. भाव पाडून मागितला, तरी साडूंचे पैसे पूर्ण निघतात. अट एकच: रजिस्ट्री अक्षय्य तृतीयेच्या आत, आणि देवघर मोकळं. "दुसऱ्याचे देव आमाला नको राव. तेवढं तुमी बगा."

होईल म्हणालो. तोंडातून निघून गेलं.

भ.राव म्हणाले, "त्यात काय, गंगेला सोडू. चार मैलांवर गोदावरी हाय." म्हटलं, सोडा मग, तुम्हीच उचला. "मी? माझ्या हातानं न्हाई." मग दोघंही रस्त्यावरच्या ऑटो बघत बसलो.

२६ मार्च, बाजार

गयाबाईला सांगायचंच असं ठरवून गेलो. उन्हानं पाणी भराभर आटतंय, दोन लोटे लागले म्हणाली. सांगितलं: घर विकतोय, अक्षय्य तिजेच्या आत.

"इका की. तुमचं हाय."

"मंग देवांचं काय करायचं, मावशी?"

तिनं लोटा पालथा ठेवला. "माझ्या सासूनं मला दिले. मी सुनेला देनार व्हते. आता लेकीच्या घरी कसे नेऊ, तिचे सासरचे देव हाईत तिथं." मग, "तुमच्या घरी देव हाईत का?"

"हाईत."

"मंग तुमाला काय सांगू."

आमचे देव कुठं आहेत आणि कशासाठी, ते मी बोललो नाही.

४ एप्रिल

इसाराची रक्कम हातात आली. भ.रावांनी पहिल्यांदा दुकानात खुर्चीवर बसून चहा घेतला. मंगलनं शिरा केला. सगळे खूश, मी सोडून. दुकानात उठतो, बसतो, खिळ्यांची खोकी विनाकारण हलवतो. दुकानात आलेल्या एकानं विचारलं, काय शोधताय? काही नाही म्हटलं.

१५ एप्रिल

उद्या रजिस्ट्री. सकाळी देव हलवायचे म्हणून सोनपेठला गेलो. मंगलनं नवं लाल कापड दिलेलं.

आत गेलो. पातेल्यातलं पाणी तळाशी आलेलं. टाक जवळजवळ कोरडे, बाळकृष्णाच्या गुडघ्याइतकंच पाणी. मागं जाऊन बघितलं तर दाराला बाहेरून कुलूप. माझ्याच दुकानातलं, त्याच सेटमधलं. भ.रावांनी नेलं असणार, मला न विचारता. त्यांना दोष कुठल्या तोंडानं देऊ? मीच लावायला हवं होतं, फेब्रुवारीत.

शेजारची बाई गच्चीवरून म्हणाली, "मावशी दोन बाजार आली व्हती. पायरीवर बसली, आन् गेली."

"काई म्हणली?"

"काई न्हाई. कुलपाला हात लावून पाया पडली."

आत आलो. कापड पसरलं. पाणी नसल्यावर काढायला हरकत काय? आटलं म्हणजे आटलं, मी थोडंच ओतून दिलं. असं स्वतःलाच सांगून खंडोबाच्या टाकापाशी हात नेला. तापलेला होता. या उन्हात सगळंच तापतं, तरी हात मागं आला.

मग स्कूटरच्या डिकीतली पाण्याची बाटली आणली आणि ओतली. पुरली नाही. शेजारच्या बाईकडून कळशी मागून घेतली. काठापर्यंत भरलं. मागचं कुलूप काढलं, चावी एकच असल्यामुळं अडचण आली नाही. नुसती कडी लावली. उद्या बाजार आहे.

लाल कापड घडी करून परत आणलं.

घरी भ.राव येऊन बसलेले. नवा शर्ट आणलाय उद्यासाठी, मंगलला दाखवत होते. "देव हलवले का?" मी म्हटलं, आधी हातपाय धुतो.

आधार कार्ड, पॅन, फोटो पिशवीत घातलेत. अकरा वाजता रजिस्ट्रीला पोचायचंय. मंगलनं विचारलं, "उद्या संध्याकाळी आपले देव काढायचे ना पाण्यातून?"

राहू दे म्हटलं, बघू.