गच्चीवरचा बेल

अहो,

तुमचा डोळा लागलाय आणि आज सोमवार, माझं मौन. म्हणून लिहून ठेवतेय. तुमच्याच वांग्यांचं भरीत झाकून ठेवलंय. चातुर्मासात मी चाखत नाही, मीठ तुम्हीच बघून घ्या.

मी खाली सोसायटीच्या मीटिंगला चाललेय. "माझ्या झाडांमुळे गच्चीत ओल येते म्हणतात ना सोसायटीवाले? उद्याच सगळं उपटतो," असं काल म्हणालात. मी येईपर्यंत एकाही ड्रमला हात लावू नका.

रिटायर झाल्यावर तुम्ही नुसते बसून राहाल, अशी मला धास्ती होती. तुम्ही तर ओला कचरा कुजवून माती केलीत आणि कामोठ्यात सातव्या मजल्यावर वांगी पिकवलीत! देवापुढे कधी हात न जोडणाऱ्या माणसानं माझ्यासाठी दुर्वा लावल्या, ड्रममध्ये बेल वाढवला. सोमवारी बेल तोडत नाहीत, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. कुणाला विचारलंत कोण जाणे, पण दर रविवारी संध्याकाळी ओल्या फडक्यात पानं देव्हाऱ्याशी येतात. काल एवढे चिडलात, जेवलाही नाहीत, तरी आज सकाळी फडकं जागेवर होतंच.

मीटिंगला तुम्ही येणार नाही म्हणालात. मग आपल्या घरातून कुणीतरी बोलायला हवं. माझं मौन आज मोडेल. महादेवाला सांगेन, ज्यानं बेल दिला त्याच्यासाठीच मोडलं.

उठलात की वर जाऊन पाणी घालून या.

जयमाला